न फोडलेलं पाकीट

शेवटचा साधा दिवस नोव्हेंबरमधला होता. मित्सुए ओनोदेरा आणि तिची मुलगी चिगुसा पुढच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून काकी नावाची तुरट फळं सोलत बसल्या होत्या. सोललेली फळं दोरीला बांधून वळचणीला टांगायची, महिनाभरात ती गोड होतात. ही खोली म्हणजे मित्सुएचं पूर्वीचं पार्लर. बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दोन खुर्च्या, दोन आरसे आणि गिऱ्हाइकांसाठीचा लाल रेक्झिनचा बाक अजून जागच्या जागी होता. अर्ध्या गावातल्या नवऱ्यामुलींचे केस मित्सुएने याच खोलीत बांधले होते.

"माझी साल तुटायला लागली बघ," मित्सुए म्हणाली. "पूर्वी अख्खं फळ एका सालीत उतरवायची मी."

"हात थरथरतोय तुझा. दे इकडे."

"तुझा हात थरथरत नाही आणि तरी तुझी साल जाडच. अर्धं फळ सालीबरोबर जातंय." मग तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, त्यांना किती वेळ बसवून ठेवायचं? चहा तरी विचार."

बाकावर कुणी नव्हतं.

"किती जणी आहेत?" चिगुसाने विचारलं.

"तिघी. ती हिरव्या कोटवाली मघापासून घड्याळाकडे बघतेय."

चिगुसा उठली, हातातली सुरी खाली ठेवली आणि रिकाम्या बाकापुढे वाकून म्हणाली, "माफ करा, आज पार्लर बंद आहे. उद्या या."

मित्सुए दाराकडे बघत राहिली. "गेल्या. हिरवा कोट तोंड वाकडं करून गेली." मग तिने मुलीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तुला त्या दिसत नाहीत ना?"

"नाही."

"मग वाकलीस कुणापुढे?"

"तुझ्या गिऱ्हाइकांपुढे."

मित्सुएला हसू आवरेना. "लहानपणापासून अशीच तू, आगाऊ. मला ठाऊक आहे गं, त्या नसतात. पण असतात तेव्हा असतात." आणि तिने पुढचं फळ उचललं.

दुपारी चारच्या सुमाराला तिला स्वेटरची बाही सापडेना. डोकं घालायच्या भोकातून ती हात घालत राहिली आणि आपण कुठे आहोत हेही तिला सांगता येईना. सहा वाजता ती पुन्हा लख्ख होती, आणि आमटीत मिसो कमी पडलाय म्हणून सुनेला टोमणा मारत होती.

चिगुसा सेंदाईच्या एका मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होती. वाचणं हाच तिचा धंदा. आईचं हे वेगळं आहे, हे तिला सहा महिन्यांपासून कळत होतं. गावात सगळ्याला एकच नाव होतं, म्हातारपणचा विसराळूपणा. पण आई विसरत नव्हती. अल्झायमरमध्ये आधी आठवण जाते. मेंदूतल्या रक्तवाहिन्या तुंबून जो डिमेन्शिया होतो, त्यात माणूस पायऱ्या उतरल्यासारखं खाली येतं. एक झटका, मग थांबा, मग दुसरा झटका. आईचं तसलं काहीच नव्हतं. तिला नसलेली माणसं स्पष्ट दिसत होती, कोटाच्या रंगासकट. सकाळी शहाणी, दुपारी हरवलेली, संध्याकाळी पुन्हा शहाणी. चाल आखडली होती, अक्षर बारीक झालं होतं, झोपेत ती हातपाय झाडून ओरडायची. या आजाराला लेवी बॉडी म्हणतात. त्यातली एक गोष्ट चिगुसाने वहीत तीनदा लिहून घेतली होती: मन शांत करणाऱ्या काही गोळ्या इतरांना चालतात, या रोग्यांना त्या लाकडासारखं करून टाकतात.

परवा आईला दवाखान्यात न्यायचं होतं. चिगुसाची रजा संपली होती. नेणार होता तिचा मोठा भाऊ मासानोबु. तो नगर कार्यालयातून निवृत्त झालेला, आता आळीच्या मंडळाचा अध्यक्ष. बायकोसह याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा. चिगुसाने दोन पानांचं पत्र लिहिलं. काय दिसतं, किती वाजता, कधीपासून. दुसऱ्या पानाच्या शेवटी लाल शाईने रेघ ओढून लिहिलं की तसली गोळी देण्याआधी कृपया या आजाराचा विचार करावा. पाकीट बंद करून तिने भावाच्या हातात दिलं.

"दादा, आत जायच्या आधी हे दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर दे. आईसमोर काही बोलू नकोस."

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर त्याचे घोटाळे डॉक्टरला कुणीच सांगत नाही. सगळे असाच कागद पुढे करतात.

"काय आहे यात?"

"आईला काय काय होतं ते."

"म्हणजे डॉक्टर सेनसेईंना तू शिकवणार."

"वाचू दे त्यांना, एवढंच."

"बरं बरं," म्हणत मासानोबुने ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं. चिगुसाने संध्याकाळची बस पकडली.

दवाखान्यात काय झालं ते हिसायो वहिनीने फोनवर सांगितलं. आईने निळा किमोनो नेसला, ओठांना रंग लावला, केस स्वतः बांधले. डॉक्टरांपुढे ती अशी बसली की जणू तेच तिच्याकडे केस करून घ्यायला आले आहेत. तारीख बरोबर. शंभरातून सात-सात वजा करत जाणंही बरोबर. तीन शब्द सांगितले, ते तिने नंतर क्रमाने म्हणून दाखवले.

"आता भाज्यांची नावं सांगा, जमतील तेवढी," सेनसेई म्हणाले.

"आणि सुरूच झाल्या," वहिनी हसत म्हणाली. "मुळा, गाजर, बर्डॉक, वांगी. प्रत्येकीचं लोणचं कसं घालायचं तेही. सेनसेई म्हणाले, बास, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय."

"आईला काही दिसतं का, असं विचारलं का सेनसेईंनी?"

"कोण विचारणार असं, ताई? आईसमोर?"

"आणि पत्र?"

"ते ह्यांच्याकडे होतं," वहिनी म्हणाली. चिगुसाने पुढे विचारलं नाही. अल्झायमर, अगदी सुरुवात, असं निदान आलं आणि एक छोटी गोळी. पत्र वाचूनही सेनसेईंना तसं वाटलं असेल, असं चिगुसाने स्वतःला समजावलं. चाळीस वर्षं रोगी बघणारा माणूस, आपण पुस्तकं वाचणारी बाई.

डिसेंबर लागला आणि आईचे फोन सुरू झाले. रोज पहाटे चारला. गिऱ्हाइकं आली आहेत, पाणी तापलेलं नाही, तू कुठे आहेस? चिगुसा अंथरुणात बसून म्हणायची, "त्यांना सांग, आज बंद आहे." कधी तेवढ्याने भागायचं, कधी तास जायचा. असे सतरा दिवस गेले. शाळेत ती पुस्तकांवर शिक्का मारताना डुलक्या घ्यायला लागली.

वीस तारखेला दुपारी, सत्र संपत असताना, वहिनीचा फोन आला.

"ताई, सुटलो एकदाचे. परवा सेनसेईंनी नवीन गोळी दिली. आरडाओरड बंद, गिऱ्हाइकं बंद. आई गाढ झोपतात. समोरच्या ओईकावा बाईंनी पण विचारलं, आता शांत आहे ना म्हणून."

चिगुसाच्या हातात परत आलेल्या पुस्तकांची चळत होती. कोणती गोळी, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला. तीन शब्दांचं काम होतं: नाव काय तिचं? पत्र सेनसेईंकडे आहे, त्यांनी विचार केलाच असेल, असं तिला वाटलं. त्याच्या खाली दुसरंही वाटलं: उद्या पहाटे फोन वाजणार नाही.

"बरं झालं, वहिनी," ती म्हणाली.

नऊ दिवसांनी आईचा जबडा उघडेना. पाठ खुर्चीसारखी ताठ, डोळे उघडे, घास तोंडात तसाच. जिल्ह्याच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती, तिने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "यांना माणसं दिसायची? प्राणी? झोपेत हात मारायच्या?"

"हो," चिगुसा म्हणाली.

"कधीपासून?"

"वसंतापासून."

डॉक्टरीण औषधांची नोंदवही उघडून तिच्यात चिकटवलेली गोळीची चिठ्ठी वाचत राहिली. मग फार जपून बोलली. "या गोळीनेच झालं, असं मी सांगू शकत नाही. वय आहे, थंडी आहे. पण लेवी बॉडीच्या रोग्याला ही गोळी मी दिली नसती. आधी कुणाला माहीतच नव्हतं का?"

मासानोबु भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

गोळी बंद केली, पण आईचं गिळणं परत आलं नाही. फुप्फुसात पाणी झालं. अकरा जानेवारीला, बाहेर बर्फ पडत असताना, मित्सुए गेली. मासानोबुने सगळ्या नातेवाइकांना कळवलं: वार्धक्याने, शांतपणे.

सातव्या दिवसाच्या विधीनंतर वहिनीने चिगुसाला आईची हातपिशवी आवरायला दिली. तिच्यात औषधांची नोंदवही होती, प्लास्टिकच्या कव्हरमधली, जी प्रत्येक म्हातारं माणूस दवाखान्यात बरोबर नेतं. कव्हरच्या मागच्या खिशात काहीतरी जाड होतं. चिगुसाने बोटांनी ओढून काढलं. तिचं पाकीट. घडी पडलेली, एक कोपरा वाकलेला, तोंड तिने चिकटवलं होतं तसंच बंद.

नोंदवहीत पत्रानंतरच्या चार तारखा होत्या. पाकीट चारदा दवाखान्यात गेलं होतं आणि चारदा घरी परत आलं होतं.

तिने ते पुन्हा आत सारलं नाही. नोंदवहीसकट स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं, वहिनीला पिशवी परत दिली, आणि भावाला चहा नेऊन दिला. त्याने तो घेतला. "थंडी आहे नाही," तो म्हणाला. "हो, दादा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने त्याचा द्वेष केला, आणि तो तिने एखाद्या नव्या कामासारखा नीट केला. आधी वेळ ठरवली. सात दिवसांनी भांडलं असतं तर लोक म्हणाले असते, दुःखात बोलतेय. एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी पुरल्या जातात, मग जेवण असतं, आणि जेवणाआधी घरचा कर्ता उभा राहून दोन शब्द बोलतो. तो बोलून झाला की मग. तो उभा असताना, सगळ्यांच्या हातात पेले असताना. त्याला बसायला जागा उरू नये.

सूड घेणाऱ्या माणसांबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यांच्याकडे तलवारी असायच्या, विष असायचं. तिच्याकडे शाळेचं झेरॉक्स मशीन होतं. पत्राच्या दोन पानांच्या तेरा प्रती तिने काढल्या, पाहुणे अकरा आणि दादा-वहिनी. नोंदवहीतल्या त्या एका पानाच्याही तेवढ्याच प्रती काढल्या, ज्यावर नव्या गोळीची चिठ्ठी आणि अठरा डिसेंबर ही तारीख होती. बंद पाकिटाचा फोटो काढला, चिकटवलेली बाजू वर ठेवून. पाणी तापवून, वाफेवर धरून तिने ते पाकीट उघडलंच नाही; तिच्याकडे लाल रेघेसकट कच्चा मसुदा होता, त्यावरून प्रती निघाल्या. पाकीट बंदच राहायला हवं होतं. तोच पुरावा होता.

शाळेतून परतताना ती मनात वाक्यं घोळवायची. सगळ्यात धारदार वाक्य तिने शेवटाला ठेवलं होतं: तुझ्या सभ्यतेने तिचा जीव घेतला. ते म्हणताना दादाचं तोंड कसं होईल हे ती आरशात बघावं तसं बघायची आणि तिला भूक लागायची. आई गेल्यापासून तेवढ्याच वेळी तिला भूक लागायची. तिच्या फोनमध्ये वीस डिसेंबरच्या दुपारचा चार मिनिटांचा एक फोन नोंदलेला होता. त्याची प्रत तिने काढली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी बर्फ अजून होतं. भटजींनी सूत्रं म्हटली, पुरुषांनी थडग्याचा दगड सरकवला, मासानोबुने मडकं आत ठेवलं. मग सगळे देवळाशेजारच्या जेवणघरात आले. जमिनीवर बैठका, प्रत्येकापुढे काळ्या डब्यात जेवण. आईच्या फोटोपुढेही एक डबा होता. चिगुसाने हॉलमधल्या मुलीला सांगून प्रत्येक डब्याखाली एक पाकीट आधीच ठेवलं होतं.

आईचा धाकटा भाऊ जिन्साकु मामा, त्र्याऐंशी वर्षांचा, तिच्या शेजारी बसला. "ताई माझ्यापेक्षा हुशार," तो म्हणाला. "गुडघे दुखायच्या आत गेली. आता मला सांग, ह्या डब्यात मऊ काय आहे?"

"टोफू आहे, मामा."

"टोफू तर मी घरीही खातो. तू लग्न केलं असतंस तर एव्हाना लग्नाला आणि बारशाला, दोनदा तरी मला मासे खायला मिळाले असते."

मासानोबु उभा राहिला. काळा कोट, हातात पेला. त्याने सगळ्यांचे आभार मानले. आईने शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही, असं म्हणाला. "डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. वयाप्रमाणे शरीर थकलं, एवढंच. झोपेतच गेली म्हणा ना." सगळ्यांनी पेले उचलले, न भिडवता, आणि प्यायले.

"दादा, बसू नकोस," चिगुसा म्हणाली.

ती स्वतः उठली नाही. आवाजही चढवला नाही. "प्रत्येकाच्या डब्याखाली एक पाकीट आहे. आईला काय झालं होतं ते त्यात आहे. मी नोव्हेंबरमध्ये लिहिलं होतं, सेनसेईंसाठी. दादाकडे दिलं होतं. कृपया वाचा."

कागद सरसरले. वाचायला बराच वेळ लागला, कारण मामाला चष्मा सापडेना आणि शेवटी शेजारच्या मावसबहिणीने त्याला हळू आवाजात वाचून दाखवलं. लाल रेघेपर्यंत आल्यावर ती थांबली. मग गोळीच्या चिठ्ठीवरची तारीख. मग बंद पाकिटाचा फोटो.

मासानोबु उभाच होता. त्यानेही आपल्या डब्याखालचं पाकीट काढलं होतं. ते पत्र तो आयुष्यात पहिल्यांदा वाचत होता, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्याचे कान आधी लाल झाले आणि मग पांढरे.

"मी नेलं होतं," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी नेलं होतं. सेनसेई विचारतील, घरी कसं असतं, तेव्हा द्यावं म्हटलं. त्यांनी न विचारता कागद पुढे करायचा... आपण सांगणार की तुमच्या रोग्याला काय झालंय... त्यांनी विचारलंच नाही. पिशवीत होतं ते."

"पिशवीत होतं?" मामा म्हणाला. चष्मा आता सापडला होता आणि त्याच्या नाकावर तिरका होता. "लोणचं होतं का रे ते, मुरायला ठेवलेलं? ताई तिकडे लाकूड झाली आणि तू पिशवी घेऊन बसलास सभ्यपणा करत!"

कुणीतरी घसा खाकरला. मासानोबुच्या हातातला पेला तिरका झाला आणि साके त्याच्या बाहीत गेली. त्याला ते कळलंही नाही. हेच तोंड चिगुसाने सहा आठवडे मनात पाहिलं होतं. ते तिला वाटलं होतं त्याहून म्हातारं निघालं, पण तिला दया आली नाही. धारदार वाक्य तिच्या तोंडात तयार होतं.

तेवढ्यात हिसायो वहिनी आपली बैठक सोडून पुढे सरकली आणि तिने कपाळ चटईला टेकवलं, सगळ्यांच्या समोर.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ओईकावा बाईंनी ओरडण्याबद्दल दोनदा विचारलं, ते मीच मनाला लावून घेतलं. ह्यांना मीच म्हटलं, सेनसेईंकडून काहीतरी मागा. गोळी मी हाताने देत होते, रोज. मी कुणाला तरी विचारायला हवं होतं. मला काही कळत नाही, मी विचारायला हवं होतं."

ती तिथेच थांबली. कुणाला फोन केला होता, ते ती बोलली नाही. कपाळ खालीच होतं, आणि चिगुसाला तिच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. वहिनीने कागद वाचला होता, लाल रेघही वाचली होती. ज्या बाईने ती रेघ ओढली, तिलाच आपण दुपारी फोन करून सांगितलं होतं, हे तिला नक्की आठवत होतं. तरी ती ते पोटात ठेवून वाकली होती, नणंदेला चारचौघांत उघडं पाडायचं नाही म्हणून.

"ऐकलंस?" मामा चिगुसाला म्हणाला. "दोघं मिळून एका म्हातारीला गप्प केलं. तू होतीस म्हणून कळलं तरी. शाबास, पोरी."

अकराही पाहुणे आता तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात मान होता. काहीच न बोलता जेवायला सुरुवात केली असती तरी चाललं असतं. दादा या लोकांपुढे पुन्हा कधी मान वर करू शकला नसता. तिला हवं होतं ते सगळं समोर वाढलेलं होतं.

चिगुसा उठून उभी राहिली.

"वहिनी, डोकं वर करा. तुम्ही विचारलं होतं."

वहिनीने मान हलवली, नको म्हणून.

"दादा, तुला मी माफ करणार नाही. आज नाही, पुढेही नाही. ते तुझं तुझ्यापाशी." मग ती मामाकडे वळली. "पण वीस डिसेंबरला वहिनींनी मला फोन केला होता. नवीन गोळी सुरू झाली, आई आता झोपते, असं सांगितलं. ती रेघ मी ओढली होती, मामा. त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी गोळीचं नाव विचारलं नाही. आई रोज पहाटे चारला फोन करायची, आणि मला तो नको होता. मी म्हटलं, बरं झालं. आणि घरी जाऊन झोपले. नऊ तास झोपले मी. मला फार छान झोप लागली."